फोल्डरचं नाव बदलू नका, बाई

बाई, काल नवीन कॉम्प्युटर आणला. जुन्याने मान टाकली होती. दुकानदाराने जुन्यातलं सगळं नव्यात भरून दिलं, वर म्हणाला, "मॅडम, एक फाईल इकडची तिकडे झाली नाही, बघून घ्या." घरी आले, चहा ठेवला, आपला तो संदर्भांचा प्रोग्राम उघडला आणि पहिल्याच नोंदीवर क्लिक केलं, तर समोर तेच वाक्य. फाईल सापडत नाही, कुठे आहे ते दाखवा. प्रोग्राम बदलले, मशीनं बदलली, हे वाक्य काही माझा पिच्छा सोडत नाही. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बाई, परत नाव बदललंत ना!" घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मला वेड लागलं म्हणाले असते. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तेवढ्यात चहा उतू गेला, गॅस पुसला, परत येऊन बसले, आणि मला तुमचा राग आला. रडू नाही आलं, राग आला. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या तुमच्या घरातला, त्या शनिवारचा राग. तो इतका ताजा निघाला की म्हटलं, लिहूनच काढावा.

मी तुमची लाडकी विद्यार्थिनी वगैरे कधीच नव्हते. ऐंशीच्या दशकात उल्हासनगरच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसून बडबडणारी मी. कॅम्प पाचमधली, शेजारीपाजारी सगळे सिंधी, बोलण्यात हिंदी-मराठीची खिचडी आणि तोंडाला फाटक नाही. तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवायचात आणि आम्हाला बारवी धरणाच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यांवर रानभाज्या बघायला घेऊन जायचात. बाकीच्या पोरी पानं तोडून वहीत दाबायच्या. तुम्हाला मात्र पानापेक्षा ते शिजवणारं माणूस जास्त हवं असायचं. त्यातून शेवळं म्हणजे तुमचा जीव की प्राण. ती नीट शिजली नाहीत तर घसा असा धरतो की माणूस बोलायचं विसरतो. आपल्याकडे खाज मारायला त्यात काकडं घालतात, ती छोटी आंबट फळं, पण पाड्यापाड्यावर उतारा वेगळा. कुणी काय घालतं, का घालतं, कुणाकडून शिकलं, हे तुम्ही चुलीपुढे उकिडव्या बसून टिपून घ्यायचात, आणि आम्ही बाहेर उभ्या राहून डास मारायचो.

एकदा तुम्ही मला एक टिपण नीट उतरवून काढायला दिलंत. मी वर लिहिलं, 'माहिती देणारी : एक आदिवासी स्त्री.' दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही तो कागद माझ्या नाकासमोर धरलात. "हिला नाव नाही?" मी म्हटलं, "आहे ना बाई, पण..." "पण काय? उद्या तुझ्या आईने मला पापडाची कृती सांगितली आणि मी लिहिलं, एक कॅम्पातली बाई, तर?" मी पण काही कमी नव्हते. म्हटलं, "आई तुमचा कागद फाडून टाकेल." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "मग हिने का नाही फाडायचा? वाचता येत नाही म्हणून?" सगळा वर्ग बघत होता. माझी कानशिलं गरम झाली. तेव्हापासून मी माणसाचं नाव गाळलेलं नाही, बाई. इथे या कागदावर कुणाचंच नाव लिहीत नाहीये ते वेगळं. ती फोल्डरांवर आहेत, आपापल्या जागी.

तेव्हा फोल्डर कुठले, चपलांचे खोके होते. उल्हासनगरच्या दुकानांतून मागून आणलेले. एका माणसाचा एक खोका, त्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि पाडा. लेखकाप्रमाणे नाही, झाडाप्रमाणे नाही, सांगणाऱ्या माणसाप्रमाणे लावलेले. आणि पाड्यावरून कुणी गेल्याची बातमी आली की तुमचं एक ठरलेलं होतं. हात धुवायचे, त्या माणसाचा खोका खाली काढायचा, शाईच्या पेनने नावाआधी 'कै.' लिहायचं, आणि शाई वाळेपर्यंत खोका मांडीवर घेऊन बसायचं. मला आधी हसू यायचं. एकदा विचारलंही, "बाई, नाही लिहिलं तर काय खोका हरवणार आहे का?" तुम्ही म्हणालात, "गेलेल्या माणसाचं नाव नुसतं घेत नाहीत गं. उद्धटपणा होतो." आमच्या घरी पण आजोबांच्या नावाला कै. लागायचं, पण ते लग्नपत्रिकेत. खोक्यावर लावणाऱ्या तुम्हीच पाहिल्या.

मग मधे बरीच वर्षं गेली. मी कॅम्प पाचमध्येच एका डीटीपीच्या दुकानात लागले. जीन्सच्या पाकिटांवरची लेबलं, लग्नपत्रिका, साबणाची वेष्टनं. एके दिवशी तुम्ही दुकानात आलात. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी, आणि न बसताच म्हणालात, "तुला कॉम्प्युटर येतो ना? मला माझी पीएचडी पुरी करायची आहे." मला वाटलं होतं ती कधीच झाली असेल. कसली होतेय. पोरांचं, सासूचं, कॉलेजचं करता करता तुमची मुदत वाढवून वाढवून शेवटची वाढ मिळाली होती. यापुढे नाही, नाव काढून टाकणार, असं युनिव्हर्सिटीने कळवलं होतं. तुमचे मार्गदर्शक सर, वयाने तुमच्याहून लहान आणि स्वभावाने एकदम कडक, त्यांनी प्रबंध परत पाठवला होता. प्रत्येक विधान कुणाचं, मूळ टिपण कुठे, ते स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले होते. आणि नेमकं त्याच पावसाळ्यात नदीचं पाणी तुमच्या खालच्या खोलीत शिरलं होतं. तुम्ही पिशवीतून एक खोका काढून काउंटरवर ठेवलात. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. "वाचव गं," म्हणालात. तुम्ही कुणाला असं म्हणाल हे मला खरंच वाटलं नसतं.

आमचे मालक साईं मनाने दिलदार. "टीचर है ना? फस्क्लास मशीन बनाके देगा, टेन्शन नहीं लेने का," म्हणाले, आणि खरंच इकडून तिकडून भाग जमवून तुम्हाला कॉम्प्युटर जोडून दिला. तुमच्या स्वयंपाकघराला लागून जी अंधारी खोली होती तिथे तो बसवला. शुक्रवारी कॅम्पात लाईट नसायची, दुकान बंद. मी बदलापूरला तुमच्याकडे यायचे. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून तुम्ही ओले कागद चिमटे लावून वाळत टाकलेले, त्यांच्याखालून वाकून जायचं आणि एकेक काढून टाईप करायचा. टाईप झालेल्या कागदांना पुढे अशी बुरशी आली की काकांनी, म्हणजे तुमच्या मिस्टरांनी, शिंकायला लागल्यावर सगळं पोत्यात भरून टाकून दिलं. त्यांचंही चुकलं नाही. पण त्यानंतर तुमचं अर्धं आयुष्य जे काही होतं ते त्या एका डब्यात होतं.

तो संदर्भांचा प्रोग्राम मीच कुठून कुठून मिळवला. प्रबंधातल्या एकेका विधानाची त्यात एक नोंद. नोंदीत कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, आणि खाली त्या टिपणाची लिंक. क्लिक केलं की टिपण उघडणार. टिपणं मी आकडे घालून ज्याच्या त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. कुठल्या विधानाला कुठलं टिपण, हे फक्त त्या प्रोग्रामला ठाऊक. मी तुम्हाला समजावलं होतं, "बाई, यात टिपण नाहीये, टिपणाचा पत्ता आहे. घरावरची पाटी बदलली तर पोस्टमन परत जाईल. कळलं?" तुम्ही मान डोलावलीत. नावं इंग्रजी अक्षरांत टाईप करावी लागायची, म्हणून खोक्यांवरचं कै. मी गाळलं. म्हटलं, नाव धड बसलं तरी खूप झालं. तुम्ही ते पडद्यावर बघितलंत, चष्मा वर-खाली केलात, बोलला काहीच नाहीत. तेव्हाच बोलला असतात तर!

आणि तुमचं ते डबल क्लिक! देवा रे. एक क्लिक केलं की तुम्ही विचार करायचात, मग दुसरं. कॉम्प्युटरला वाटायचं की तुम्हाला नाव बदलायचंय. नाव निळं व्हायचं, तुम्ही घाबरून काहीतरी दाबायचात आणि एखाद्या म्हातारबाबांच्या नावाला शेवटी दोन झेड लागायचे. मी ओरडायचे. शेवटी एक चिठ्ठी लिहून पडद्याच्या वर चिकटवली, 'फोल्डरचं नाव बदलू नका, बाई.' काका येता-जाता ती मोठ्याने वाचायचे आणि हसायचे. तुम्हीही हसायचात. त्या दिवसांत तुमच्या स्वयंपाकघरात मला फार बरं वाटायचं, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. शेवळांच्या दिवसात तुम्ही ती चिरत बसला होतात आणि बोलता बोलता तुमची आई ती कशी करायची ते सांगितलंत. आधी तेलात खरपूस परतायची, मग काकडांचा रस, आणि झाकण ठेवायचं नाही, वाफ जाऊ द्यायची. मी पलीकडे बसून टाईप करतेय हे तुम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्या नावाचा फोल्डर करून त्यात ते ठेवलं. तुम्ही म्हणालात, "माझा कशाला? मी विचारणारी." मी म्हटलं, "सांगणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, बाई. माझ्या आईने कागद फाडला असता ना?" तुमच्याशी वाद घालून मी जिंकले ते तेवढंच. जाताना तुम्ही मला वर्तमानपत्राच्या पुडीत वाळवलेली शेवळं बांधून दिलीत.

मग तो शनिवार. सोमवारी युनिव्हर्सिटीत प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस, आणि सर शनिवारी तुमच्या घरी येऊन, मूळ कागद गेले म्हणून मशीनवरची टिपणं बघून सही करणार असं ठरलेलं. मला अजून सगळं दिसतंय. सर लाकडी खुर्चीत, मांडीवर प्रबंधाची प्रत, हातात लाल पेन. मी मशीनसमोर. तुम्ही माझ्या मागे भिंतीला टेकून उभ्या, इस्त्रीची साडी नेसून, जशा काही तुम्हीच परीक्षेला बसलाय. सर एकेक विधान वाचतात, मी नोंद काढते, क्लिक करते, टिपण उघडतं. सर वाचतात, "हं," म्हणतात, लाल खूण करतात. काही वेळ सगळं सुरळीत चाललंय. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरायला लागलंय. लाईट मधेच फडफडते, पण जात नाही.

मग सर शेवळांच्या प्रकरणावर येतात. ते सगळं प्रकरणच मुळी एका म्हातारीवर उभं आहे. बारवीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची ती, जिच्याकडे तुम्ही वर्षानुवर्षं जात होतात, आणि जी नुकतीच वारली होती. तिने सांगितलेलं कुठल्याच पुस्तकात नाही. मी क्लिक करते. फाईल सापडत नाही. परत करते. सापडत नाही. पुढची नोंद, एका भगताची. सापडत नाही. पुढची, सापडत नाही. सर पेनाचं टोपण लावतात. "काय झालं?" "काही नाही सर, एक मिनिट." सर कोण हयात, कोण गेलं हे तुम्हाला विचारून केलेली त्यांची यादी चाळतात, मग तुमच्याकडे वळतात. "बाई, हयात आहेत त्यांची टिपणं सापडतात. जी माणसं मेलीत, ज्यांना मी जाऊन विचारू शकत नाही, नेमकी त्यांचीच सापडत नाहीत. आणि तुमचे मुख्य निष्कर्ष सगळे यांच्याच तोंडी. हे जरा सोयीचं नाही का?"

बाई, तुम्हाला कुणी खोटारडी म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, आता तुम्ही त्यांना असं सुनावणार की ते आले तसे जातील. पण तुमचा चेहरा उतरला. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, हातात चहाचा ट्रे तसाच. मी फोल्डरांची यादी उघडली. आणि बघते तर के या अक्षरापाशी ही गर्दी! इतके दिवस आपापल्या अक्षराखाली बसलेली माणसं उठून एका जागी येऊन बसलेली. प्रत्येकाच्या नावापुढे के, ए, आय. कै.

"बाई, तुम्ही यांची नावं बदललीत?"

"नाही गं. नाव कुठे बदललं? नाव तेच आहे. आधी फक्त कै. लावलं."

"कधी?"

"म्हातारीचं दहावं झालं तेव्हा. घरी आले, अंघोळ केली आणि तिला लावलं. मग मनात आलं, तिला लावलं आणि बाकीच्यांना नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून सगळ्यांना लावलं. तू ते झेड पुसायला दाखवलंस तसंच, एकदा क्लिक, थांबायचं, परत क्लिक."

माझं डोकंच फिरलं. डोळ्यांसमोर ती चिठ्ठी लटकतेय आणि तुम्ही म्हणताय नाव तेच आहे! पण दुसऱ्या क्षणी जीव भांड्यात पडला. उपाय सोपा होता. ती तीन अक्षरं पुसायची, फोल्डर आपल्या जुन्या जागी जाणार, सगळ्या लिंका आपोआप जुळणार. मी सरांना म्हटलं, "दोन मिनिटं," आणि म्हातारीच्या फोल्डरवर माउस नेला. तेवढ्यात तुमचा हात माझ्या मनगटावर आला. गार पडला होता. "पुसू नकोस."

"बाई, लिंका जुळतील. सर गेले की परत लावून देते, शप्पथ."

"म्हणजे सरांपुरती ती जिवंत, आणि सर गेले की परत मारायची? मी तिच्या दहाव्याला जाऊन आलेय. माझा हात नाही धजत. तू पण नको."

सर म्हणाले, "बाई, मुदत तुमची संपतेय. माझी नाही."

"मला कल्पना आहे, सर." एवढंच. हाताची घडी घालून तुम्ही परत भिंतीला टेकलात. काका म्हणाले, "अगं, मशीनच आहे ते, देव्हारा नाही." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी, मी तुमच्यावर ओरडले, सरांच्या देखत. "बाई, तुमची सगळी मेहनत पाण्यात जातेय आणि तुम्ही तीन अक्षरं धरून बसताय? ती म्हातारी काय बघायला येणारे?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच." मी त्या फोल्डरवरून माउस बाजूला घेतला.

दुसरा मार्ग होता, पण लांबचा. एकेक नोंद उघडायची, तिच्यातला जुना पत्ता पुसायचा, नवीन पत्ता दाखवायचा, म्हणजे के या अक्षरात जाऊन त्या माणसाला शोधायचं, त्याच्यातलं बरोबर टिपण निवडायचं आणि जोडायचं. एकेका टिपणासाठी एवढा खटाटोप, आणि समोर घड्याळाकडे बघणारा माणूस. मी दातओठ खात सुरुवात केली. लाईट गेली तर केलेलं सगळं जाईल म्हणून प्रत्येक जोडणीनंतर सेव्ह करत होते. म्हातारीची पहिली लिंक जुळली, टिपण उघडलं. सर खुर्ची पुढे ओढून वाचायला लागले, मोठ्याने, त्यांच्या त्या शुद्ध आवाजात: 'काकडं न घालता चिंचेचा कोवळा पाला ओरबाडून घातला. काकडं का नाही, असे विचारता म्हणाली, काकडां तुमच्या गावांत, आमच्या डोंगराव कवा व्हती? मी घाईने कच्चीच चाखली. घसा धरला. म्हातारी पोट धरून हसली. म्हणाली, शिकल्याली बाय, पन जिभंला दम नाय.'

सर थांबले. परत वर गेले, परत वाचलं, या वेळी मनात. मग तुमच्याकडे न बघता म्हणाले, "हे शेवटचं तुम्ही प्रबंधात घेतलं नाही."

"ते माझ्या घशाबद्दल आहे, सर."

काकांना हसू फुटलं. सर हसले नाहीत. पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लाल खूण केली. "पुढचं." मी पुढचं जोडलं. त्यात भगताने तुम्हाला उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलं होतं ते होतं. पुढच्यात तुमची चप्पल कुत्र्याने नेली होती. कुणी बसल्या जागी खोटं रचलं तर स्वतःची एवढी फजिती कशाला रचेल? सर हे बोलले नाहीत, पण त्यांच्या बसण्यात फरक पडला. ते घड्याळाकडे बघायचे थांबले. चहा आला, तो त्यांनी घेतला. तुम्ही भिंत सोडून माझ्या शेजारी स्टुलावर बसलात आणि मी नाव वाचलं की तो माणूस कोण, कसा होता, ते हळू आवाजात सांगत राहिलात. अंधार पडायच्या सुमारास शेवटचं टिपण जुळलं. सरांनी सहीचं पान पुढे घेतलं, पेन टेकवलं आणि परत उचललं.

"माहिती देणाऱ्यांच्या यादीत हे सगळे जिवंत आहेत," ते म्हणाले. "तुमच्या मशीनमध्ये कैलासवासी आणि प्रबंधात जिवंत, असं कसं चालेल? एक काहीतरी ठरवा."

ती यादी मी टाईप केली होती, माझ्या पद्धतीने, कै. गाळून. मी पानं दुरुस्त केली. साईंनी दिलेला तो खरखरणारा प्रिंटर एकेक ओळ काढत होता आणि आपण चौघं त्याच्याकडे बघत उभे होतो. पानं हातात घेऊन तुम्ही प्रत्येक नाव बोट ठेवून वाचलंत. मगच सरांपुढे ठेवलीत. त्यांनी सही केली, वाकून नमस्कार केला आणि निघाले. दार लागल्यावर तुम्ही मटकन खाली बसलात आणि रडलात. मी नाही रडले. मी रागावलेलीच होते. तुम्ही माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिलात तरी मी म्हटलं, "परत असं केलंत ना, तर मी येणार नाही." तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "येशील."

सोमवारी प्रबंध गेला. पुढे तुम्हाला पदवी मिळाली. दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉ. लावायला काकांनीच माणूस बोलावला, आणि मी म्हटलं, "बघा हं बाई, पाटी बदलली, आता पोस्टमन परत जाईल." तुम्ही मला पाठीत धपाटा घातलात. मी येत राहिले. पाड्यांवरची माणसं जात राहिली, तुम्ही कै. लावत राहिलात आणि मी मागून लिंका जोडत राहिले. बोलून काही उपयोग नव्हता. शतक बदलायच्या आत तुम्हीच गेलात, फारशी पूर्वसूचना न देता. काकांनी कॉम्प्युटर माझ्याकडे पाठवून दिला. "तूच बघ आता," म्हणाले. त्यावरची चिठ्ठी तशीच होती.

तुमच्या दहाव्याहून आले, अंघोळ केली, मशीन लावलं. काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. तुमच्याकडूनच शिकले होते. तुमच्या फोल्डरवर एकदा क्लिक केलं, थांबले, परत क्लिक केलं. नाव निळं झालं. के दाबलं, ए दाबलं. मग मागे घेतलं आणि मशीन बंद केलं. स्वतःला म्हटलं, लिंका तुटतील, नंतर सावकाश बघू. पुढच्या वेळी तेच म्हटलं. नवीन मशीन आलं तेव्हा तेच. काल पण तेच म्हणून झालं. मशीन नवं, म्हणून सगळ्यांचाच पत्ता बदललेला; काल रात्रीचं जेवण होईपर्यंत मी सगळ्यांच्या लिंका एकेक करून परत जोडल्या. आता यादीतलं सांगणारं कुणीच उरलेलं नाही, बाई. सगळी के या अक्षराखाली ओळीने बसलीत, म्हातारी, भगत, सगळे. तुमचं नाव ए पासून सुरू होतं, म्हणून तुम्ही एकट्याच वर आहात. आत तेवढं एकच टिपण, तुमच्या आईच्या शेवळांचं.

यादी उघडली की सगळ्यात आधी तुम्ही दिसता, नुसतं नाव. तुमच्या हिशेबाने हा उद्धटपणा झाला, मला माहीत आहे. तुम्ही असतात तर हात धुवायला पाठवलं असतंत. हे पत्रही मी तिथेच, तुमच्या फोल्डरमध्ये ठेवणार आहे, त्या टिपणाच्या शेजारी. तुमच्या एका टिपणाला एकच लिंक आहे. ती तोडून परत जोडायला मला चहा उकळण्याएवढाही वेळ लागणार नाही. लिंका तुटतील म्हणून थांबले, हे मी इतकी वर्षं सांगत आले ते खरं नाही. मला लावायचं नाहीये, एवढंच.